हा घास गोटीरामचा

सोमवार, ६ जानेवारी १९७५

आलो एकदाचे नाशकात. मनमाडहून सकाळची गाडी, नाशिकरोडला उतरून टांगा, टांग्यात दोन ट्रंका, एक वळकटी, वरवंट्यासकट पाटा आणि आमच्या मालनबाई, वय वर्षं पाच. पाटा कशाला, नाशकात पाटे मिळत नाहीत का, असं हे वाटेत चार वेळा म्हणाले. हे म्हणजे मोतीराम, माझे यजमान, मनमाडला रेल्वेत फिटर. माणूस सोन्यासारखा, पण पुढ्यात येईल ते मुकाट जेवणारा, त्याला पाट्यावरच्या चटणीचं महत्त्व काय कळणार. आम्हाला सोडून दुपारच्या गाडीनं परत गेले. दर रविवारी येतील.

सहा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आता इथल्या लाकडी खेळण्यांच्या केंद्रात पर्यवेक्षिका म्हणून नेमणूक झाली आहे. केंद्र पंचवटीच्या पुढे, आडगाव नाक्याच्या अलीकडे. लांबलचक पत्र्याची शेड, पुढे अंगण, अंगणात आंब्याचे आणि पांगाऱ्याचे ओंडके वाळत पडलेले, आणि शेडला लागूनच मागे राहायच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट शेडमध्ये उघडते. चुलीपाशी बसून कामगारांवर लक्ष ठेवता येईल. ही सोय ज्यानं केली तो माझ्यासारखाच खाष्ट असणार.

भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि घर झालं. आमच्यात देव्हारा नाही, नवससायास नाहीत, तेव्हा भुताखेतांनाही घरात जागा नाही. शेजारच्या एका बाईनं दारावर बांधायला लिंबू-मिरच्या आणून दिल्या. बिचारीनं प्रेमानं दिलेल्या, नाही कसं म्हणायचं. मिरच्या चटणीत वाटल्या, लिंबू वरणावर पिळलं.

मालनला अंगण फार आवडलंय. जेवणाच्या नावानं मात्र शंख. एक घास चिऊचा झाला, एक काऊचा झाला, मनमाडच्या स्टेशनमास्तरांचाही घेऊन झाला, तरी भात तसाच. ही पोर वाऱ्यावर जगते की काय कळत नाही. पण मी खूश आहे. स्वतःच्या हाताखाली बारा माणसं, स्वतःचं घर, आणि मखमलाबादची मेथी दारात येते, जुडी एवढी मोठी.

गुरुवार, ९ जानेवारी

माणसं ओळखीची झाली. त्यातली दोन सांगण्यासारखी.

कोंडाजीबाबा मुख्य कारागीर, साठीच्या पुढचे, सिन्नरकडचे. दुष्काळाच्या साली गाव सोडून आले ते इथलेच झाले. दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले चार पटाशीशी. पण हात असा की लाकूड लोण्यासारखं सुटतं. दुसरी चतुराबाई, रंगकामाला. तीही त्यांच्याच गावची. कोंडाजीबाबांचे न बोललेले सगळे शब्द तीच बोलते. मालनला तिनं पहिल्याच दिवशी मांडीवर घेतलं, आता ती मांडी सोडत नाही.

खेळणी वीतभर उंचीची. भाजीवाली, टांगेवाला, पोलीस, नवरा-नवरी. अंगावर रंग झकास, लुगड्याचे काठ तर केसाएवढ्या रेषेत. पण चेहरे! सगळ्यांची तोंडं मिटलेली, वर कुंचल्यानं लाल टिकली. नवरा-नवरीकडे बघून वाटावं, हुंड्यावरून मोडलंय यांचं. मुंबईचा व्यापारीही तेच लिहितो, की माल चांगला पण मुद्रा रडक्या, काही हसतं-गातं द्या.

मला लगेच सुचलं. शाळेची प्रार्थना. अकरा मुलं ओळीनं उभी, हात जोडलेले आणि तोंडं उघडी, पार जीभ दिसेल अशी. सहा वर्षं रोज सकाळी बघितलेलं दृश्य आहे ते. कोंडाजीबाबांना म्हटलं, बाहुल्यांचे तोंडवळे नकोत, खरी पोरं करा, तुम्ही डोळ्यांनी बघितलेली. त्यांनी एक ओंडका पुढे ओढला. मग म्हणाले, बरं.

बुधवार, १५ जानेवारी

अकरा पोरं झाली आणि काय झाली आहेत! एकाचे कान सुपासारखे, एकीची वेणी सुटलेली, एकाच्या खांद्यावर सदरा घसरलेला. एक दुसऱ्यासारखं नाही. जरा हडकुळी आहेत, पोटं तेवढी पुढे, पण खेड्यातली पोरं अशीच असतात. मी मोकळ्या मनानं वाहवा केली.

मग तोंडांवरून वाजलं. कोंडाजीबाबांनी पटाशी खाली ठेवली ती उचलीनात. त्यांचं म्हणणं, तोंड रंगवावं, कोरू नये. त्यांच्या आज्यापासूनची रीत. का, तर कोरलेलं तोंड उघडं राहतं आणि उघडं तोंड मागतं. काय मागतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, तोंड काय मागंल बाई, तुमीच सांगा.

मला राग आला. लाकूड ते लाकूड. मी त्यांना सांगितलं की बाबा, असल्या समजुती सोडायला आमच्या बापजाद्यांनी धर्म बदलला, मी इथे त्या पुन्हा गळ्यात बांधून घ्यायला आलेले नाही. ते उठले. अंगणात जाऊन ओंडक्यावर बसले.

मग मीच बारीक कोरणी घेतली आणि दिवसभरात अकराही तोंडं उघडली. हात अजून बसलेला आहे माझा. दात, जीभ, टाळूपर्यंत खोल. शेवटचं तोंड कोरून होईपर्यंत मला अशी कडकडून भूक लागली की कालचे उरलेले सगळे तिळगुळाचे लाडू मी उभ्या उभ्या संपवले.

मंगळवार, २१ जानेवारी

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. मालन पोटभर जेवली.

झालं असं. चतुराबाई त्या पोरांना रंग देत होती. सुपासारख्या कानाच्या पोराचा सदरा रंगवता रंगवता ती सहज म्हणून गेली, हा तर आपला गोटीराम. मग पुढची एकेक हातात घेत तिनं सगळी ओळखली. हा भिकन, हा काळू, ही सुटल्या वेणीची नवसा, हा चिमा. अकराच्या अकरा. मालननं टाळ्या पिटून नावं पाठ केली. नंतर चतुराबाई एकदम रंगाची वाटी धुवायला म्हणून उठून गेली. मला वाटलं, गावाची आठवण आली असेल.

रंग वाळायला पोरं आमच्या खिडकीत ओळीनं ठेवली. दुपारी ताट वाढलं आणि रोजचा तमाशा सुरू झाला. चिऊ-काऊला मालन आता दाद देत नाही. मी खिडकीकडे बघून म्हटलं, बरं, हा घास गोटीरामचा. तिनं चटकन आ केला. हा घास भिकनचा. आ. हा नवसाचा. अकरा नावं, अकरा घास, ताट चाटूनपुसून लख्ख. सुंठीवाचून खोकला गेला. एवढी साधी युक्ती मला आधी कशी सुचली नाही.

कोंडाजीबाबा शेडमधून खिडकीकडे बघत होते. त्यांच्या हातातला ओंडका खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मुंबईच्या व्यापाऱ्यानं फोटो बघून पन्नास संच मागितले आहेत. हा पहिला संच नमुना म्हणून इथेच ठेवायचा, तो खिडकीत छान दिसतो. कोंडाजीबाबा पुढच्या संचांना हात लावत नाहीत. धाकटे कारागीर करतील.

मालनचं खाणं आता बघावं. सकाळी दोन पोळ्या, दुपारी भाकरी, भात, पुन्हा भाकरी. नावांची ओळ दोन-दोनदा म्हणावी लागते. हे काल आले होते, तर लेकीचं जेवण बघून म्हणाले, तुझ्या हाताखाली आल्यावर सगळे सुधारतात, एक मीच राहिलो. संध्याकाळच्या गाडीला त्यांना मी डबा भरून दिला.

एक मात्र लक्षात येत नाही. आज मालनचा फ्रॉक मी बाजूनं दोन बोटं आत घेतला. खांद्यावरून गळत होता. वाढत्या वयात पोरं उंच होतात तशी बारीक दिसतात, चतुराबाईला मी तसं म्हटलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डॉक्टरकडे नेलं होतं. मनमाडला डिसेंबरात मालनचं वजन पंधरा किलो होतं. आज साडेतेरा भरलं. डॉक्टर म्हणाले, जंत. पोर खाते आणि जंत गिळंकृत करतात. औषध दिलं, ते आजच पाजलं.

मला बरं वाटलं. जंत म्हणजे जंत, त्याला औषध आहे. घरी येऊन तिला मऊ भात केला. ती जेवली आणि लगेच म्हणाली, आई, भूक लागली. आत्ता तर जेवलीस ना गं, असं मी म्हटलं, तर खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली की ती जेवली, मी कुठे जेवले.

पोरं काहीही बोलतात. पण मला ते आवडलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

औषधानं काही पडलं नाही. मालनच्या मानेच्या दोन्ही शिरा दिसायला लागल्या आहेत.

आज नव्या संचांची खोकी करायची म्हणून नमुन्याचं वजन पार्सलच्या काट्यावर करायला घेतलं. संच रंगवून वाळला तेव्हा मीच वहीत लिहिलं होतं, दोन किलो सातशे पन्नास. आज काट्यावर सव्वाचार किलो.

काटा बिघडला म्हणून वजनं टाकून बघितली. काटा नीट आहे. चतुराबाई म्हणाली, लाकूड ओल धरतं. माघ चालू आहे, ओठ फुटतायत, ओल कुठली? गोटीरामला हातात घेतलं. पाट्याच्या वरवंट्याइतका जड. मी कोरलेल्या तोंडात बोट घातलं, टाळूला लागलं. आत कोमट होतं.

दीड किलो इकडे वाढलं. तिकडे मालनचं दीड किलो—

असली गणितं मांडायची नाहीत. खिडकीत दुपारचं ऊन येतं, लाकूड तापतं. त्यात काही विशेष नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मालन तेरा किलो. पुन्हा डॉक्टरकडे नेलं, त्यांनी रक्त तपासायला घेतलं, पोर सुईला रडलीसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी अंगणात कोंडाजीबाबांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, बाबा, काय ते सांगा. मी हसणार नाही.

त्यांनी सांगितलं. दुष्काळात ते सगळे खडी फोडायच्या कामावर होते, चतुराबाईसुद्धा. पालं टाकून राहिलेले. तिथे पोरांना हगवण लागली. हगवण लागलेल्या पोराला अन्न द्यायचं नसतं, पोट रिकामं राहिलं की थांबते, असं सगळ्यांना वाटायचं. सुकडी वाटायची वेळ झाली की ही पोरं ओळीनं उभी राहायची, तोंड उघडून, आणि आया त्यांना ओढून न्यायच्या. अकरा पोरं गेली त्या पालांवरून. गोटीराम त्यांचा नातू, सहा वर्षांचा. तीन दिवस घास मागत होता. बाबांच्या हातात भाकरी होती. त्यांनी दिली नाही. त्याच्याच भल्यासाठी दिली नाही.

बघितलेली पोरं करा असं तुमी म्हनलात बाई, ते म्हणाले. माज्या डोळ्यापुढं तीच हायेत, दुसरी कुठून आनू. तोंड मिटलेलं असतं तर निजून ऱ्हायली असती. तुमी तोंडं उघडली. ते बी निभलं असतं. पन तुमी नावानं घास काढला.

एवढं बोलून ते रडायला लागले. मी जन्मात कधी कुणा म्हाताऱ्या माणसाला असं रडताना बघितलं नव्हतं.

मीच केलं हे. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नावं बंद केली. मुकाट्यानं घास पुढे केला. मालननं तोंड मिटून घेतलं. खूप वेळ वाट बघितली. मग तिनेच हळूच म्हटलं, हा घास गोटीरामचा, आणि आ केला.

मी म्हटलं, बाळा, हा मालनचा म्हण. ती म्हणाली, त्यांना आधी, ती कधीची उभी आहेत.

हात उगारला मी तिच्यावर. मग जवळ घेतलं. पाठीचे मणके हाताला एकेक लागतात.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तोंडं बुजवायची ठरवली. मी उघडली, मीच मिटवीन. खिडकीच्या काचांना लावायचं लुकण आणलं आणि सकाळी दहा वाजता अकराही तोंडं भरून टाकली, वरून रंग. कोंडाजीबाबा नको नको म्हणत होते.

बारा वाजता मालनची दातखीळ बसली. दूध घातलं ते ओठांच्या कडेनं गळून गेलं. चमचा आत जाईना. डोळे माझ्याकडे लावलेले, नाकानं श्वास, आणि बोलता येत नाही. चतुराबाईनं पाय चोळले, मी जबडा चोळला. चार तास.

शेवटी केसांतला आकडा काढला आणि लुकण खरवडलं. ओलंच होतं अजून. नखं फाटली. अकरावं तोंड मोकळं झालं तेव्हा तिच्या जबड्याचा आवाज झाला आणि ती रडली.

आता जाळायचा विचार डोक्यात आणायचा नाही. लुकणानं हे झालं. जाळलं तर—

रविवार, २३ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. हे मला वेडी म्हणाले नाहीत, त्याचंच मला रडू आलं. मालनला घेऊन मनमाडला जातो, लांब गेली की सुटेल, म्हणाले. संध्याकाळच्या गाडीनं गेले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

संध्याकाळीच परत आले. ह्यांच्या खांद्यावर ती. तिकडेही ताटापुढे बसली की अकरा नावं म्हणते. एक चुकलं तर पहिल्यापासून.

पावणेबारा किलो.

बुधवार, २६ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. नावानं घास मी काढला होता. तोंडं मी कोरली. मग ते मालनच्या तोंडातून का जावं?

सकाळी दोन ताटं वाढली. माझ्या ताटातला घास मोडला, खिडकीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हटलं, हा घास गोटीरामचा. आणि माझ्या तोंडात घातला. घशातून उतरताना लागला, छातीपाशी लागला, त्याच्या खाली काही नाही. विहिरीत टाकल्यासारखा. हा भिकनचा. हा नवसाचा. अकरा झाले.

मग मालनपुढे घास धरला. म्हटलं, त्यांचं झालं गं. हा मालनचा. तिनं खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि घेतला.

घेतला तिनं. मी दाराआड जाऊन पदर तोंडात कोंबला आणि रडले. मला आता कशाचीच भीती नाही.

शनिवार, १ मार्च

मालन साडेबारा. काल अंगणात धावली.

कोंडाजीबाबा दुपारी आले. स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडून खिडकीपुढे बसले आणि म्हणाले, हा घास गोटीरामचा. खाल्ला. गोटीरामला काट्यावर ठेवून बघितलं, गुंजभर फरक नाही. बाबांना तो घास पचला. ते म्हणाले, माज्या हातचं घेत नाय तो. कशाला घेईल? आणि पटाश्या गुंडाळून सिन्नरच्या एसटीला लागले. मी अडवलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

मालन तेरा. गालाला रंग.

माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात. हा घास लताचा, असं म्हणून बघितलं. माझं नाव. तोही तिकडेच जातो. दिवसातून पाच वेळा जेवते आणि उपाशी आहे. शेडमधल्या लोकांना वाटतं, मला क्षय झालाय.

भूक काय असते ते मला माहीत नव्हतं. आता लाकडाचा भुसा बघितला तरी लाळ येते. काल मालनच्या ताटातलं उष्टं उचललं, मग ठेवलं. त्या पोरांनी हे तीन-तीन दिवस—

रविवार, ९ मार्च

मालन सव्वाचौदा. जिंकले मी.

हे दवाखान्यात चल म्हणतात. सुईनं पाणी देतील म्हणे. तेही त्यांनाच जाईल. खिडकीची फळी मधे वाकली आहे. ह्यांनी एकेक पोर उचलायला बघितलं, दोन हात लागले.

ह्यांना शपथ घातली आहे. मी गेले तरी मालनच्या ताटावर कुणाचं नाव घ्यायचं नाही. कुणाचंही.

गुरुवार, १३ मार्च

उठवत नाही. चतुराबाई भरवते, नावं मी म्हणते. आवाज गेला तर मनात म्हणते. चालतं.

मालन पंधरा. पूर्ण पंधरा.

फार भूक—

रविवार, १६ मार्च. दुपार

हे डॉक्टरला आणायला गेलेत. चतुराबाईनं मालनला ताट वाढून माझ्या खाटेशी बसवलं आणि पाणी भरायला गेली. वही उशाला होती. लिहिते आहे.

वांग्याची भाजी, भाकरी. मालनचे हात गुबगुबीत झालेत. मला म्हणाली, आई, तू का नाही जेवत. मी मान हलवली. तिनं विचार केला. मग घास मोडला आणि म्हणाली

हा घास आईचा.

आणि स्वतः खाल्ला.

माझ्या जिभेवर वांगं आलं. मीठ. तेल. आणि खाली गेलं. छातीच्या खाली. पोटात. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटात. ऊब आली. बोटं वळली, अक्षर नीट यायला लागलं.

म्हणजे मी आता त्यांच्याच ओळीत. बारावी.

नको म्हणायला हवं. आवाज आहे, आत्ता आला, घशात आहे. दुसरा घास. हा आईचा. भाकरीचा पापुद्रा, खरपूस. किती दिवसांनी. माझी सोन्याची पोर, हसते आहे माझ्याकडे बघून, मला बरं वाटतंय हे तिला दिसतंय—

तिसरा.

तिच्या मनगटावरची गुबगुबीत घडी गेली. आत्ता होती.

सांगते. आत्ता सांगते तिला. नको म्हणते. एवढा हातातला एक होऊ दे, मोडलाच आहे तिनं, एवढा एक झाला की लगेच—